लाफिंग गॅस: ओ.टी.तला, मस्तानीवरचा आणि उसाच्या सरीतला

तांब्याची_नळी
हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहते तेव्हा ऑक्सिजन, हवा आणि व्हॅक्यूमच्या जोडीला नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे लाफिंग गॅसची, लाइनही आराखड्यात सवयीनं येते. माझं स्पष्ट मत: टाकू नका. आधीच असेल तर गळती मोजा, आणि मोजल्यावर बहुतेक ठिकाणी बंद करावीशीच वाटेल. स्कॉटलंडमधल्या हॉस्पिटलांनी खरेदी आणि प्रत्यक्ष वापर यांचा ताळा घातला तेव्हा बराचसा गॅस रुग्णापर्यंत पोचतच नव्हता. अमेरिकेतली भूलतज्ज्ञांची संघटनाही आता मध्यवर्ती लाइन बंद करून मशीनवरच्या छोट्या सिलिंडरवर या, असं सांगते.

मोजायचं कसं ते लिहितो. पहिला ताळा कागदावरचा. वर्षाला किती किलो विकत घेतला ते बिलांवरून काढा. भुलेच्या नोंदींवरून नायट्रसचा फ्लो गुणिले वेळ करा. लिटरचे ग्रॅम करायला १.८३ नं गुणा. दोन्हींत निम्म्याहून जास्त तफावत आली तर गळती आहे असं धरून चाला.

दुसरी परीक्षा रात्रीची. एकही केस नसताना, भूलविभागाला लेखी कळवून आणि ओ.टी.च्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारावर पाटी लावून, सगळ्या आउटलेटमधले होज काढा. लाइन ४ बारवर असताना मॅनिफोल्डच्या (सिलिंडरं जिथे एकत्र जोडतात त्या जागेच्या) बाजूचा मेन वाल्व्ह बंद करा आणि दर पंधरा मिनिटांनी दाब लिहा. १५ मिमीच्या तांब्याच्या नळीत मीटरमागे साधारण १४५ मिलि मावतं. म्हणजे १०० मीटर लाइनमध्ये दाब १ बारनं उतरला तर साडेचौदा लिटर गेले. ते पाव तासात गेले असतील तर गळती मिनिटाला एक लिटर आहे.

मिनिटाला एक लिटर ऐकायला काहीच नाही. दिवसाला १४४० लिटर म्हणजे २.६ किलो, महिन्याला ७९ किलो. नायट्रसची तापवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट, म्हणून हे महिन्याला साडेएकवीस टन झालं. बिलातला फटका वेगळाच.

एक चूक सगळेच करतात. मेन वाल्व्ह बंद करून घेतलेल्या परीक्षेत सिलिंडर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली गळती दिसत नाही, आणि वॉशर खराब झालेले पिगटेल (सिलिंडरच्या जोडनळ्या) तिथेच असतात. त्यासाठी जोडलेली सिलिंडरं संध्याकाळी आणि सकाळी वजनकाट्यावर ठेवा.

शंकासूर
वजनकाटा कशाला? दाबाचा काटा ७५० पीएसआय दाखवतोय म्हणजे सिलिंडर भरलेलंच ना?

भुलेश्वर
नाही हो शंकासूर. ऑक्सिजनचं सिलिंडर अर्धं झालं की काटाही अर्ध्यावर येतो, कारण आत फक्त वायू असतो. नायट्रस आत द्रवरूपात असतो. वरचा वायू वापरला की खालचा द्रव उकळून जागा भरतो. त्यामुळे द्रवाचा शेवटचा थेंब उरेपर्यंत काटा २० अंशांना ५१ बारच्या आसपास, म्हणजे साधारण ७५० पीएसआयवर, अडून राहतो. द्रव संपला की भराभर खाली येतो आणि तोवर केस अर्ध्यात असते.

खरा हिशोब वजनाचा. सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन आताच्या वजनातून वजा करा, उरलेल्या ग्रॅमला ४४ नं भागा आणि २४ नं गुणा. १.१ किलो उरला असेल तर ६०० लिटर. मिनिटाला एक लिटर फ्लोवर दहा तास.

पुण्यातली खास गोष्ट अशी की नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.५ अंश आहे. त्याच्या वर कितीही दाबलं तरी तो द्रव राहत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमधलं सिलिंडर सहज चाळिशी ओलांडतं. तेव्हा आत द्रव-वायू असा भेदच उरत नाही आणि दाब चढतो. म्हणूनच उष्ण देशांत सिलिंडर कमी भरतात: थंड देशांत भरण्याचं प्रमाण (गॅसचं वजन भागिले आत मावणाऱ्या पाण्याचं वजन) ०.७५, आपल्याकडे ०.६७. वर ऊन नको आणि खाली ओलावा नको, एवढी जागा तरी द्या त्याला.

शंकासूर
आणि लाइन अदलाबदल? ऑक्सिजनच्या जागी नायट्रस गेल्याच्या बातम्या येतात.

भुलेश्वर
निळं सिलिंडर नायट्रसचं, काळं अंग आणि पांढरे खांदे ऑक्सिजनचं. पण रंगावर जाऊ नका. छोट्या सिलिंडरचा खरा पहारेकरी म्हणजे योकमधल्या (मशीनवरच्या सिलिंडर बसवायच्या पकडीतल्या) पिना. ऑक्सिजन २-५, नायट्रस ३-५, हवा १-५. पिन तुटली म्हणून किंवा दोन वॉशर चढवून सिलिंडर बसवलं, की पहारा उठला.

मशीनवर ऑक्सिजन आणि नायट्रसचे नॉब जोडणारी साखळी ऑक्सिजन २५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. पण तिला फ्लो कळतो, नळीत कोणता गॅस आहे ते कळत नाही. भिंतीमागे दुरुस्तीत लाइन उलटी जोडली गेली तर ती बिचारी मन लावून नायट्रसच मोजून देते. ते पकडणारा एकच: ऑक्सिजन ॲनालायझर, रोज सकाळी कॅलिब्रेट केलेला.

ॲनालायझर खाली जाऊ लागला तर राखीव ऑक्सिजन सिलिंडर उघडा आणि भिंतीतला होज उपटून काढा. दुसरी पायरी विसरली तर पहिलीचा उपयोग नाही. लाइनचा दाब ४ बार, सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतरचा ३ च्या आसपास. मशीन जास्त दाबाचाच गॅस घेत राहतं. तेवढ्यात अंबू बॅगेनं (हातानं दाबायच्या फुग्यानं) साध्या हवेवर श्वास देत राहा.

बाकी तांब्याची नळी यांच्याशी लाइनबाबत सहमत, पण नायट्रस टाकाऊ आहे असा सूर नको. एकट्यानं तो पूर्ण भूल देऊ शकत नाही, त्यासाठी हवेच्या दाबावर १०४ टक्के लागेल. पण वेदना कमी करतो, चटकन चढतो आणि चटकन उतरतो. प्रसूतीत ऑक्सिजनसोबतचं ५०-५० मिश्रण आजही कामाचं आहे. मात्र बंद पोकळीत हवा असेल तिथे नको: न्यूमोथोरॅक्स (छातीत फुप्फुसाबाहेर साठलेली हवा), आतड्याचा अडथळा, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया. नायट्रस पोकळीत शिरतो वेगानं आणि तिथला नायट्रोजन निघतो हळू, त्यामुळे पोकळी फुगते.

डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत गॅसचा बुडबुडा ठेवलेला असेल तर मग अजिबात नको. काही गॅस डोळ्यात दोन महिने टिकतात, आणि दाताला किंवा मोडलेल्या मनगटाला भूल घ्यायला आलेला पेशंट डोळ्याचं सांगायला विसरतो. विचारा. (जाता जाता: असा बुडबुडा असताना पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरलाही जाऊ नये. उंचीवर तो नायट्रसशिवायच फुगतो.)

दाढदुखी
दातांच्या दवाखान्यातल्या वापराबद्दल. लहान मुलं, सुईला घाबरणारे मोठे आणि ओकारीचा रिफ्लेक्स जोरात असणारे यांना नाकावरच्या मास्कनं देतात. सुरुवात १०० टक्के ऑक्सिजननं, मोठ्यांना मिनिटाला ५-६ लिटर. मग नायट्रस दहा-दहा टक्क्यांनी, प्रत्येक पायरीवर एखादा मिनिट थांबून. बहुतेकांचं काम ३० ते ५० टक्क्यांत होतं. यंत्र ७० च्या वर जाऊच देत नाही. बोटांना मुंग्या आणि अंग हलकं झालं की थांबायचं. हसू सुटलं, घाम आला, मळमळलं किंवा पेशंट बोलेनासा झाला तर जास्त झालंय. संपताना ५ मिनिटं निव्वळ ऑक्सिजन, नाहीतर रक्तातून एकदम बाहेर पडणारा नायट्रस फुप्फुसातला ऑक्सिजन पातळ करतो.

चूक होते ती खोलीत. स्प्लिट ए.सी. आतलीच हवा फिरवतो, बाहेर काही टाकत नाही. दार बंद, ए.सी. चालू, मूल तोंडानं श्वास घेतंय: दोन तासांत डॉक्टर आणि असिस्टंट दोघंही त्याच गॅसमध्ये. अमेरिकेत कामाच्या जागेची शिफारस २५ पीपीएम, ब्रिटनमध्ये १००. त्यासाठी दुहेरी मास्क हवा आणि मिनिटाला ४५ लिटर ओढणारं सक्शन. ते सोसायटीच्या डक्टमध्ये सोडू नका, थेट बाहेर आणि कुणाच्या खिडकीखाली नाही. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावला तर तोंडातून होणारी गळती बरीच घटते. असिस्टंट गरोदर असेल तर त्या दिवशी तिला दुसऱ्या खुर्चीवर ठेवा.

साय_आणि_साखर
आता गोड बाजू. नायट्रस चरबीत छान विरघळतो आणि त्याची चव जवळजवळ जाणवत नाही, म्हणून क्रीमच्या सायफनमध्ये तो चालतो. खाद्यपदार्थांत त्याचा नंबर ९४२. कार्बन डायऑक्साइड वापरला तर क्रीम आंबटसर लागतं. सोड्याचं चार्जर आणि क्रीमचं चार्जर दिसायला भावंडं, दोन्ही साधारण ८ ग्रॅमचे. डब्यावरचं वाचा.

अर्ध्या लिटरच्या सायफनला एक चार्जर. क्रीममध्ये चरबी किमान ३० टक्के हवी. अमूलचं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं, त्यामुळे फेस येतो पण मस्तानीच्या ग्लासवर पाच मिनिटांत बसतो. क्रीम आणि सायफन दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये. केशर, आंब्याचा रस किंवा चक्का घालणार असाल तर बारीक गाळणीतून दोनदा गाळा, एक रेषा अडकली तरी नोझल तुंबतं. खुणेच्या वर भरू नका. चार्जर फिरवा, फुस्स आवाज थांबला की आठ-दहा वेळा हलवा, सायफन पूर्ण उलटा धरून दांडी दाबा. आडवा धरला तर नुसता गॅस निघतो आणि क्रीम आतच राहतं. पातळ निघालं तर गॅस वाढवण्याआधी थंडावा वाढवा. जास्त हलवलं तर आत लोणी.

नोझल तुंबलं म्हणून डोकं थेट उघडायला जाऊ नका. सायफन सरळ उभा धरून दांडी दाबा, सगळा दाब जाऊ द्या, मगच उघडा. फ्रान्समध्ये प्लॅस्टिकच्या डोक्याचे सायफन फुटून लोक जखमी झालेत. डोकं धातूचंच घ्या.

लग्नातल्या केकला मात्र हे नको. नायट्रसचा फेस अर्ध्या तासात ढासळतो. बेकऱ्यांमधलं नॉन-डेअरी टॉपिंग मिक्सरमध्ये हवेनंच फुगवतात, गॅसचा संबंध नाही.

डबल_डिक्लच
गाडीवाल्यांचं कुणीच लिहिलं नाही. नायट्रस स्वतः जळत नाही, जाळायला ऑक्सिजन पुरवतो. वजनानं त्यात ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तो तापला की तुटतो आणि जास्तीचं पेट्रोल जाळता येतं. पेट्रोल त्या प्रमाणात वाढवलं नाही तर मिश्रण कोरडं पडतं, नॉकिंग होतं आणि पिस्टनचं डोकं वितळतं. म्हणून फुल थ्रॉटलचा स्विच, थंड जातीचे प्लग, टायमिंग मागे. हे बंदिस्त ट्रॅकवरचं. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही.

रेसिंगच्या नायट्रसमध्ये ओढू नये म्हणून थोडा सल्फर डायऑक्साइड घातलेला असतो. फिटिंगला तेल-ग्रीस लावू नका. अंतराळयानाच्या इंजिनासाठी हाच गॅस वापरताना २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीला चाचणीत स्फोट होऊन तिघं गेले.

संपादक
'मोठे टँक कुठे मिळतात' हा प्रतिसाद काढला आहे. पुन्हा आला तर आयडीही जाईल.

मज्जारज्जू
बरं केलंत. नशेसाठी हा गॅस फुग्यातून ओढणं 'निरुपद्रवी' असा समज आहे, त्यावर थोडं सविस्तर.

नायट्रस बी-१२ च्या मधल्या कोबाल्टला ऑक्सिडाइझ करतो आणि ते जीवनसत्त्व कायमचं निकामी होतं. त्यावर चालणारं मेथिओनिन सिंथेज हे एन्झाइम माणसात पाऊण तासात निम्म्यावर येतं आणि पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण टिकायला हीच साखळी लागते. ती वारंवार तुटली की मज्जारज्जूचा मागचा भाग झिजतो: तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं, मग चालणं बिघडतं. एमआरआयमध्ये मानेच्या भागात उलट्या 'व्ही'सारखी पांढरी खूण दिसते.

पुण्याला याचं जास्त भय आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. शाकाहार, त्यात मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा ॲसिडिटीची रोजची गोळी. म्हणजे टाकी आधीच तळाला, आणि नायट्रस उरलेलंही निकामी करतो. अशा माणसाला भुलेतल्या एका वापरानंतरही त्रास झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

शंकासूर
मग मिथाइलकोबालामीनच्या (बी-१२ च्या) गोळ्या चालू ठेवल्या की झालं?

मज्जारज्जू
नाही. गॅस चालू असेल तर वरून ओतलेलंही निकामी होतं. आणि फसवणूक अशी की रक्तातली बी-१२ ची पातळी नॉर्मल येऊ शकते, कारण चाचणी निकामी रेणूही मोजते. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड या चाचण्या मागवा. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) शंभराच्या खाली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. सोबत लोहाची कमतरता असेल तर पेशी मोठ्या दिसतच नाहीत. उपचार म्हणजे गॅस पूर्ण बंद आणि बी-१२ ची इंजेक्शनं, सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड १००० मायक्रोग्रॅम. बी-१२ आधी न देता नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जारज्जू बिघडत राहतो.

तातडीचे धोके वेगळे. टाकीतून किंवा मास्कनं निव्वळ गॅस म्हणजे शून्य ऑक्सिजन. माणूस बेशुद्ध पडतो आणि मास्क तोंडावरच राहतो. उणे ८८ अंशांना उकळणारा द्रव ओठ, घसा आणि मांड्या गोठवतो. नेदरलँड्सनं जानेवारी २०२३ मध्ये आणि ब्रिटननं ८ नोव्हेंबर २०२३ पासून मौजेसाठी बाळगण्यावर बंदी आणली, त्यात हेही एक कारण.

भुलेश्वर, तुमच्या प्री-ॲनेस्थेटिक तपासणीत 'मुंग्या येतात का, मेटफॉर्मिन चालू आहे का' हे दोन प्रश्न असतात का?

भुलेश्वर
दुसरा असतोच. पहिला असायला हवा, हे मान्य. संशय असेल तर नायट्रस वगळायचा, पर्याय भरपूर आहेत.

पाचट
हॉस्पिटलं, फुगे सगळं ठीक आहे, पण हत्ती शेतात उभा आहे. माणसामुळे होणाऱ्या नायट्रसमध्ये तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा शेतीचा. औद्योगिक क्रांतीआधी हवेत अब्ज भागांत २७० भाग होता, आता ३३५ च्या वर. टिकतो शंभर-सव्वाशे वर्षं. वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये त्याचा नायट्रिक ऑक्साइड होऊन ओझोन खातो. ए. आर. रविशंकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच दाखवलं की आता सोडल्या जाणाऱ्या वायूंत ओझोनला सर्वांत जास्त धोका याचाच आहे. ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराच्या नियंत्रित यादीत तो नाही.

हिशोब करून पाहा. युरियाची गोणी ४५ किलो, ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) ढोबळ दरानं त्यातला १ टक्का नायट्रस म्हणून उडतो. सुरू (हिवाळी लागणीच्या) उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे बारा गोण्या, त्यातलं २.५ किलो नत्र उडालं, म्हणजे ऑक्सिजनचं वजन धरून सुमारे ३.९ किलो नायट्रस. आडसालीला (पावसाळी लागणीच्या उसाला) ४०० किलो नत्र, ६.३ किलो नायट्रस. शिफारशीच्या वर 'हात सैल' सोडणारे वेगळेच.

काळ्या जमिनीत युरिया फेकून लगेच पाटानं पाणी सोडलं की मातीतली छिद्रं पाण्यानं भरतात, हवा संपते, आणि जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन घेऊन नायट्रस सोडतात. नायट्रसला उधाण पाणी दिल्यानंतरच्या काही दिवसांत येतं. उपाय नवे नाहीत. सुरू उसाला नत्र चार हप्त्यांत: लागणीला १० टक्के, सहा-आठ आठवड्यांनी ४०, बारा-सोळा आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला ४०. ठिबक असेल तर आठवड्याला थोडं थोडं. खोडव्यात पाचट न जाळता पहारीनं बुडख्यापासून १०-१५ सेंमीवर खड्डा करून खत द्यायचं.

एक प्रामाणिक दुरुस्ती मात्र करतो. पहारीनं खोल दिल्यावर अमोनिया वाचतो, नायट्रस कमी होईलच असं नाही. फायदा तेव्हाच, जेव्हा वाचलेल्या नत्राइतकी गोणी तुम्ही कमी टाकता. कडुनिंब लावलेला युरिया नायट्रेट व्हायचा वेग थोडा मंदावतो. २०१५ पासून युरिया तसाच मिळतो, त्यामुळे ते वेगळं पुण्य धरू नका.

तांब्याची_नळी
पाचट, हत्ती मान्य. पण तुमचेच आकडे उलटे लावतो. मिनिटाला एक लिटर गळणारी लाइन महिन्याला ७९ किलो सोडते. सुरू उसाच्या वीस हेक्टरांचा वर्षभराचा नायट्रस! वीस हेक्टरवाल्यांना खत कमी करा म्हणणं अवघड, त्यांचं पीक अडतं. वाल्व्ह बंद केल्यानं कुणाचं काय अडतं?

पाचट
हे पटलं. फक्त लाइन बंद करून मग शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका, एवढंच.

ब्लोअर_चालू_ठेवा
एक कोपरा राहिला: सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट. विजेचं बिल वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवतात. अमोनियाचं नायट्रेट व्हायचं काम अर्धवट राहतं, नायट्राइट साठतं आणि नायट्रस सुटतो. ५०० फ्लॅट, २००० माणसं, माणशी दिवसाला सुमारे १२ ग्रॅम नत्र. आयपीसीसीच्या १.६ टक्क्यांच्या दरानं दिवसाला ०.६ किलो नायट्रस, तोही प्लांट नीट चालला तर. एरेशन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिग्रॅच्या आसपास ठेवा, १ च्या खाली नको. वीज वाचवायची तर ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा, रात्रीचा बटण-बंद कार्यक्रम नको.

भुलेश्वर
ओ.टी.तलंही मोजून टाकतो. एकूण फ्लो २ लिटर, निम्मा नायट्रस, एक तास: ६० लिटर, ११० ग्रॅम, ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. स्कूटरवर कोल्हापूरला जाऊन येऊन वर साताऱ्याची एक फेरी. फ्लो अर्ध्या लिटरवर आणला तर चौथाई. त्यामुळे माझ्या बाजूचं काम लो-फ्लोचं, नळीवाल्यांचं गळतीचं.

शंकासूर
शेवटचं विचारतो. बंद केलेली नायट्रसची लाइन मेडिकल एअरला वापरता येईल ना? तांबं महाग आहे.

तांब्याची_नळी
शंकासूर राव, नको. ठिकठिकाणचे आउटलेट, झोन वाल्व्ह, अलार्म आणि भिंतीतले शिक्के सगळे नायट्रसचे. एक जरी बदलायचा राहिला तरी भुलेश्वरांनी सांगितलेली अदलाबदल तुम्हीच घडवलीत. बंद करायचा क्रम असा: आधी प्रत्येक मशीनच्या योकवर एक चालू आणि एक राखीव छोटं सिलिंडर, वजन करून. महिनाभर वापर बघा. मग मॅनिफोल्डवरून सिलिंडर काढा, उरलेला गॅस ओ.टी.त किंवा शेडमध्ये सोडू नका, पुरवठादाराकडे परत. वापरात नसलेले सिलिंडर वाल्व्ह बंद करून ठेवा, योकवर उघडं ठेवलेलं तिथेही गळतं. लाइन दोन्ही टोकांना कापून ब्रेझ केलेली टोपी, आउटलेटवर ब्लँक प्लेट, आणि दोन्हीकडे तारखेसह 'नायट्रस, कायम बंद' अशी पत्र्याची पाटी. कागदी स्टिकर लावू नका, पुढच्या रंगकामात जातं.